जुन्या मृत्युपत्रावरून परदेशी गेलेल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा

लहानपणापासून आमच्याकडे ऐकलेलं एकच वाक्य, पणजोबांचा धाकटा भाऊ मुंबईस गेला आणि तिकडेच वारला. नाव ठाऊक, बाकी काही नाही. लग्न झालं होतं का, मुलंबाळं होती का, कोणालाच सांगता यायचं नाही. मग राजापूरकडचं जुनं घर उतरवायच्या वेळी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत खापरपणजोबांचं मृत्युपत्र सापडलं, मोडीत लिहिलेलं, चार पानं, आणि त्यातल्या एका ओळीमुळे कळलं की ते मुंबई नव्हतंच, मुंबासें होतं. म्हणजे मोंबासा, आफ्रिकेतलं.

तेव्हापासून मी ओळखीच्या बऱ्याच घरांचे असे कागद बघितले आणि एक गोष्ट पक्की लक्षात आली. जो घर सोडून गेला त्याच्याबद्दल मृत्युपत्रात थेट फार थोडं लिहिलेलं असतं, पण त्याची जागा राखून ठेवलेली असते, हिश्श्यात, अटींत, बायकोच्या पोटगीत. ती जागा ओळखता आली की निम्मं काम झालं.

आधी कागदाबद्दल. फाटलाय म्हणून सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात मोबाईलने प्रत्येक पानाचे फोटो काढा, मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही काढा, कारण रजिस्ट्री झाली असेल तर ऑफिसचा शिक्का, दस्ताचा नंबर, पुस्तकाचा नंबर, हजर कोण होते हे सगळं बहुतेक मागेच असतं. आणि साध्या कागदावर लिहिलंय, स्टॅम्प नाही, म्हणजे खोटं असणार असं काही जण लगेच म्हणतात, तसं नसतं. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागतच नाही, रजिस्ट्रीही सक्तीची नाही, त्यामुळे अस्सल मृत्युपत्रं साध्या कागदावरच जास्त सापडतात.

कागद मोडीत असेल तर वाचणारा शोधा, पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, तिथून शिकून तयार झालेले वाचक आता बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. पण माझं कळकळीचं सांगणं आहे, शक्य असेल तर दोघांकडून वेगवेगळं वाचून घ्या आणि दोघांनाही घरातली गोष्ट आधी सांगू नका. मोडीत ऱ्हस्वदीर्घ वेगळं लिहीत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, आधी आडवी ओळ ओढून अक्षरं तिला लटकवत जातात, त्यामुळे शाई उडालेली असली की वाचणारा मनातला शब्द भरतो. आमच्या पहिल्या वाचकाने अगदी प्रामाणिकपणे "चि. मुंबईस आहे" असं लिहून दिलं, कारण मीच त्यांना सांगून बसले होते की धाकटे मुंबईला गेले. पण दोन ओळी खाली होतं की "पत्राचा जाब येण्यास दोन महिने लागतात सबब", आणि तिथे मी अडकले. मुंबईची आगबोट जैतापूरला लागायची, मुंबईच्या पत्राला दोन महिने कशाला लागतील? दुसऱ्या वाचकाला काहीच न सांगता तेच पान दिलं, त्यांनी वाचलं "मुंबासें". मग मी झूम करून बघितलं तर ब नंतर सरळ काना दिसत होता. इतकी वर्षं एका कान्याने आमचा माणूस चुकीच्या गावात मारून ठेवला होता.

वाचून घेताना "अर्थ सांगा" असं म्हणू नका, ओळीला ओळ अक्षरशः उतरवून मागा, जिथे शंका आहे तिथे टिंबं ठेवायला सांगा. गावांची नावंही जुन्या धाटणीची असतात. जंगबार म्हणजे झांझिबार, मोरस म्हणजे मॉरिशस (मोरस साखर तिथलीच), अदन म्हणजे एडन, ब्रह्मदेश, रंगून, सिलोन, मस्कत हे तर कळतंच. एडनबद्दल एक वेगळं लक्षात ठेवा, १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्यातच धरलं जायचं, त्यामुळे तिथे नोकरीला गेलेला माणूस कागदोपत्री इलाखा सोडून गेलेलाच नसतो आणि त्याचा माग मुंबईच्या पुराभिलेखातही घ्यावा लागतो.

तारीख. शके असेल तर ७८ मिळवायचे हे सगळ्यांना माहीत असतं पण इथेच एक वर्षाची चूक होते. शक बदलतो चैत्रात आणि इंग्रजी वर्ष बदलतं पौषाच्या आसपास, म्हणून पौषाचा शेवट, माघ, फाल्गुन असेल तर ७९ मिळवायचे. आमच्या कागदावर पौष वद्य, शके १८४१ आहे, नुसते ७८ मिळवून मी १९१९ धरून बसले होते, खरं ते जानेवारी १९२० निघालं, आणि पुढे सरकारी गॅझेट चाळताना त्या एका वर्षाने खूप फरक पडतो.

आता मुख्य भाग, हिस्से. जुन्या कागदात वाटा आण्या-पैत असतो, पूर्ण मालमत्ता सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै. वही घेऊन बेरीज करा, खरंच करा. आमच्या कागदात थोरल्याला पाच आणे चार पै, मधल्याला पाच आणे चार पै, झाले दहा आणे आठ पै. उरले किती? पाच आणे चार पै, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा, आणि त्याच्यापुढे नाव नाही. नुसतं "सदरहू हिस्सा वडील भावाने वहिवाटावा, मालक परत आलेस हरकत न करता द्यावा". म्हणजे बाप मरणाच्या दारात असताना त्याने तिसऱ्या मुलाचा वाटा पै-पैसकट बाजूला ठेवला होता. मी ती बेरीज केली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, कारण घरात तर सांगायचे की त्याला बापाने टाकला होता.

बेरीज सोळा आण्यांच्या आत येत असेल तर थांबा आणि विचारा की उरलेलं कोणाचं. कधी ते देवस्थानाला दिलेलं असतं, कधी विधवा सुनेला, पण कधी कधी तो गेलेला भाऊच असतो.

बेरजेइतकीच भाषा महत्त्वाची. "परागंदा", "देशांतरास गेला", "परमुलखी आहे", "ठावठिकाणा नाही", "हयात असलेस", "त्याचे कुटुंब घरी आहे तीस अन्नवस्त्र द्यावे", असे शब्द दिसले की खाली रेघ मारा. "परागंदा" आणि "परमुलखी आहे" यात फार फरक आहे, परागंदा म्हणजे घरच्यांना पत्ताच नाही, परमुलखी आहे म्हणजे पत्ता आहे आणि बहुतेक मनीऑर्डरही येत होती. "सात वर्षें खबर नाही" असं वाचलंत तर ते शब्दशः सात धरू नका, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरायची सोय होती, त्यामुळे कायदा जाणणाऱ्याने लिहिलेल्या कागदात सात हा आकडा ठरल्यासारखा येतो, माणूस प्रत्यक्षात त्याच्या बराच आधी गेलेला असू शकतो.

पैशाचंही तसंच. "दरसाल पन्नास रुपये पाठवितो" असं दिसलं की घरचे म्हणतात, रुपये आहेत म्हणजे हिंदुस्थानातच होता. नाही. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाच चालत होता, शिलिंग त्यानंतर आला, झांझिबारमध्ये तर रुपया १९३५ अखेरपर्यंत होता, एडनमध्ये त्याहूनही पुढे, आणि मॉरिशसचं चलन आजही रुपयाच आहे. रुपयावरून देश ठरवू नका. उलट शिलिंग दिसला तर मात्र देश आणि काळ दोन्हीचा अंदाज येतो.

साक्षीदार आणि कागद लिहिणारा, "हस्ताक्षर अमुक" म्हणून शेवटी असतो तो, यांची नावं सोडू नका. एका वाडीतला एक जण बाहेर गेला की मागोमाग मेव्हणा, आतेभाऊ, शेजारचा असे जायचे. आपल्या माणसाचा पत्ता लागत नसेल तर साक्षीदाराच्या घरी विचारा, त्यांच्याकडे फोटो असतो, पत्र असतं. मला मोंबासाचा पहिला फोटो तसाच मिळाला, साक्षीदाराच्या पणतूकडे, मागे फोटोग्राफरचा शिक्का आणि गावाचं नाव.

एक कायद्याचा मुद्दा इथेच सांगते कारण त्याने शोधाची दिशा ठरते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येत नव्हता. लोक लिहून ठेवायचे, आमच्या खापरपणजोबांनी ठेवलंच, पण ती घरातली व्यवस्था झाली. कायद्याने मृत्युपत्र खरं चालायचं ते स्वकष्टार्जित मिळकतीचं. आणि स्वकष्टार्जित कोणाकडे असायचं? जो बाहेर पडून कमवत होता त्याच्याकडे. म्हणून गावात राहिलेल्यांचं मृत्युपत्र नसलं तरी गेलेल्याचं असण्याची शक्यता चांगली असते, त्याचंही शोधा. आणि गावाकडे मृत्युपत्र नाही म्हणून हात टेकू नका, वाटणीपत्र, दत्तकपत्र, सोडचिठ्ठी नव्हे तर हक्कसोडपत्र, हे सगळे कागद तेच काम करतात.

घरात कागद नसेल तर दुय्यम निबंधकाचं ऑफिस, म्हणजे सब रजिस्ट्रार. मृत्युपत्रं तिथे पुस्तक नंबर ३ मध्ये नोंदलेली असतात आणि सीलबंद पाकिटात ठेवलेल्यांची नोंद जिल्हा निबंधकाकडे पुस्तक ५ मध्ये. काउंटरवर "दुसऱ्याचं मृत्युपत्र देता येत नाही" हे उत्तर मिळतं, एका ऑफिसात मलाही मिळालं आणि मी तशीच परत आले. नंतर कळलं की नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की लिहून देणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच, पण तो मेल्यानंतर जो कोणी अर्ज करेल त्याला मिळते. म्हणून अर्जातच कलम लिहा, मृत्यूचा पुरावा जोडा, नाव, गाव आणि अंदाजे वर्षं द्या, "१९१५ ते १९२५" अशी दहा वर्षांची पट्टी दिलीत तर शोधणाऱ्यालाही सोपं जातं. तालुक्यांच्या हद्दी बदलल्यात हे विसरू नका, आज जे गाव एका तालुक्यात आहे त्याची जुनी पुस्तकं शेजारच्या तालुक्याला असू शकतात.

सोबत तलाठ्याकडचे जुने फेरफार काढा, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी. १९०३ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली, वारसनोंदीच्या फेरफारात सगळी मुलं लिहावी लागायची आणि तिथे "पैकी नं. ३ आफ्रिकेत आहे" असा शेरा मिळतो. बरेच जुने फेरफार आता स्कॅन होऊन आपले अभिलेख या सरकारी साइटवर आहेत, घरबसल्या बघता येतात, गावाचं नाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर हाताशी ठेवा.

आता मुंबई हायकोर्ट. परदेशी गेलेल्यांचा खरा खजिना इथे असतो असं माझं मत आहे. मुंबईत घर, बँकेत पैसे, विम्याची पॉलिसी असं काही मागे ठेवून माणूस मेला की ते सोडवायला वारसांना प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) नाहीतर लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मालमत्ता सांभाळायचा कोर्टाने दिलेला अधिकार) घ्यावं लागायचं, आणि मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या स्थावराबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना हा नियम १ सप्टेंबर १८७० पासून लागू होता. आफ्रिकेत कमावणारे बरेच जण पैसे मुंबईच्या बँकेत ठेवत, म्हणून माणूस मोंबासाला मेला तरी फाईल मुंबईत तयार होते. परदेशी कोर्टात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची अधिकृत नक्कल लावून इथे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन घेता येतं, तेव्हा त्या फाईलमध्ये तिकडच्या कोर्टाचा कागदही मिळू शकतो.

नुसतं प्रोबेट मिळालं म्हणून खुश होऊन परत येऊ नका, अर्ज मागा, म्हणजे पिटिशन. त्यात मयताची मृत्यूची तारीख आणि ठिकाण, सगळ्या वारसांची नावं, वयं, नातं, पत्ते, आणि मालमत्तेची यादी असते. ही वारसांची यादी म्हणजे तयार वंशावळच. परदेशातल्या वारसाला नोटीस गेली असेल तर त्याचा पत्ता, त्याने संमती पाठवली असेल तर त्याची सही, तीही बहुतेक तिकडच्या नोटरीसमोर केलेली. मूळ मृत्युपत्र कोर्टातच राहतं, प्रोबेटला जोडलेली असते ती नक्कल, त्यामुळे त्या पूर्वजाची खरी सही बघायची असेल तर कोर्टातच. नक्कल काढायला कोर्टाच्या टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांच्या विभागात अर्ज लागतो, ओळखीचा वकील असेल तर त्याच्यामार्फत गेलेलं बरं. गावाकडच्या लोकांचे वारसदाखले मात्र जिल्हा कोर्टात, १८२७ च्या रेग्युलेशन ८ खाली दिलेले, रत्नागिरीकडच्यांनी ते आधी बघावेत.

पूर्व आफ्रिकेसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलं ते केनियाचं सरकारी गॅझेट. १८९९ पासूनचे अंक आहेत आणि गूगल बुक्सवर फुकट वाचता येतात, सर्चही होतो. कोणी मेला की त्यात छापायचे, अमुक ठिकाणी अमुक तारखेला वारलेल्या अमुकच्या इस्टेटीवर ज्यांचा दावा असेल त्यांनी अमुक तारखेच्या आत कळवावं. नाव, धंदा, गाव, तारीख आणि केसचा नंबर एवढं एका परिच्छेदात मिळतं. आडनावाचं स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानावर होतं, त्यामुळे व ला व्ही आणि डब्ल्यू दोन्ही टाकून बघा, शेवटचा ए काढून बघा, ळ असेल तर एल आणि आर दोन्ही, आणि आडनाव न टाकता नुसतं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव टाकून बघा, कारण तिकडे बऱ्याच जणांच्या वडिलांचं नावच आडनाव होऊन बसलं. मी आडनावाने खूप दिवस शोधत होते आणि नोटीस सापडली ती नाव आणि वडिलांच्या नावावर, आडनाव छापलेलंच नव्हतं.

गोव्याची गोष्ट पूर्ण वेगळी आणि शोधणाऱ्यासाठी फार चांगली. पोर्तुगीज सिव्हिल कोड १८६७ चं, गोव्यात १८७० पासून लागू, आणि त्यात मुलांना मिळकतीच्या मोठ्या भागातून सहसा वगळता येत नसे, त्या राखीव भागाला लेजितिमा म्हणतात. मग परदेशी गेलेल्या मुलाचं नाव घ्यावंच लागायचं. मृत्युपत्र नोटरीच्या पुस्तकात लिहिलं जायचं, तेस्तामेंतु म्हणून, आणि माणूस मेल्यावर कोर्टात इन्व्हेंतार, म्हणजे वारसांची आणि मालमत्तेची मोजदाद, व्हायचं, त्यात घर सांभाळणारा शपथेवर सगळे वारस आणि ते कुठे राहतात हे सांगतो. मुंबई, कराची, नैरोबी, लोरेंसु मार्किश (मोझांबिकमधलं आजचं मापुटो) असे पत्ते तिथे मिळतात. "आउझेंत एं पार्ति इन्सेर्त" दिसलं तर त्याचा अर्थ गैरहजर, ठिकाण अनिश्चित, म्हणजे आपला परागंदा. जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेखात आणि त्या त्या तालुक्याच्या नोटरी ऑफिसात विचारायची, पोर्तुगीज वाचणारा माणूस सोबत न्या.

मॉरिशसला गेलेले मराठी लोक बहुतेक गिरमिटावर, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून गेले, त्यांची मृत्युपत्रं मिळण्याची आशा धरू नका, पण इकडच्या कागदात "मोरसास गेला" एवढं मिळालं तरी पुरे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये स्थलांतरितांची रजिस्टरं आहेत, प्रत्येकाला नंबर, वडिलांचं नाव, जिल्हा, गाव, आणि पुढच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा. तिकडे दोनतीन पिढ्यांनी जमीन घेतली की नोटरीचे कागद सुरू होतात, फ्रेंचमध्ये. इंग्लंडमध्ये मेलेला असेल तर १८५८ पासूनची प्रोबेटची यादी तिथल्या सरकारी साइटवर नावाने शोधता येते.

मिळालेलं नाव आपलंच आहे का हे तपासल्याशिवाय वंशावळीत चढवू नका. एका गावात एकाच नावाचे तिघे असतात. किमान तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, वडिलांचं नाव, गाव, आणि तिसरं काहीतरी, बायकोचं नाव किंवा धंदा किंवा भावाचं नाव. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या इथे कामाला येतात, गावावरून उपाध्याय ठरलेला असतो, आणि परदेशातून आलेला माणूस बापाचं श्राद्ध करायला गेला असेल तर त्याच्या हाताची नोंद मिळते. छापलेला कुलवृत्तांत असेल तर तोही बघा, पण त्यात दत्तक गेलेल्याची खूण नीट लावलेली आहे ना ते पडताळून बघा, दत्तक गेला की बाप बदलतो आणि सगळा शोध दुसऱ्याच घरात शिरतो.

आणि घरच्यांशी आधी बोला. जुनं मृत्युपत्र म्हटलं की चुलत्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, हिला जमिनीत काही काढायचंय का. माझ्या एका काकांनी याच भीतीने कागद दोन वर्षं दाखवलेच नाहीत. मग मी त्यांच्याजवळ बसले, सांगितलं की मला फक्त त्या धाकट्या आजोबांचं काय झालं ते हवंय, फोटो काढून कागद लगेच परत देते, नक्कल तुम्हालाही देते. तिकडचे वंशज सापडले तर त्यांनाही पहिल्याच पत्रात मिळकतीचं काही लिहू नका, फोटो पाठवा, नावं विचारा.

जे जे मिळेल त्याची एक वही ठेवा, कुठलं ऑफिस, कुठलं पुस्तक, पान, दस्त नंबर, कुठल्या तारखेला बघितलं, आणि काय शोधूनही मिळालं नाही तेही. गॅझेटमधल्या आमच्या नोटिशीत कोर्ट, केस नंबर आणि मृत्यूचं ठिकाण मोंबासा आहे, धंदा कारकून, आणि अर्ज करणारी म्हणून विधवेचं नाव, जे आमच्या घरात आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं. त्या नंबरावर तिकडच्या कोर्टाला फाईलची नक्कल मागणारा अर्ज मी गेल्या महिन्यात पाठवलाय, सोबत खापरपणजोबांच्या मृत्युपत्राची प्रत जोडून, त्या पाच आणे चार पै च्या ओळीवर पेन्सिलने खूण करून.